जगदेवचा क्ष

वाशीम, ३ नोव्हेंबर १९३७
कॉलेज सोडून सहा महिने झाले. पायऱ्या गाळल्या म्हणून प्रोफेसरनं गणित चूक दिलं, मी वही खिडकीबाहेर भिरकावली. पश्चात्ताप शून्य. आजपासून प्रायव्हेट ट्यूशन. विद्यार्थी एकच. जगदेव, उकंडरावांच्या बहिणीचा मुलगा. मॅट्रिकला दोनदा आपटलाय, मामाकडेच राहतो. त्याच घरात उकंडरावांची कन्या कस्तुराही राहते. हे कारण नव्हे.
संकल्प : रागवायचं नाही.

४ नोव्हेंबर
पाटी फोडली.

९ नोव्हेंबर
दुसरी पाटी. उकंडराव म्हणाले, "मास्तर, पोराले शिकवून राह्यले का पाट्या फोडून राह्यले?" दाराआड बांगड्या वाजल्या. हसली! म्हणजे अर्धं काम झालं. चहात साखर दुप्पट. हा योगायोग नाही.

२१ नोव्हेंबर
नवी मेथड सापडली! प्रत्येक विद्यार्थ्याचा जीव कशात आहे ते पाहायचं, गणित तिथूनच काढायचं. जगदेवचा जीव शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत. तेव्हा आगगाडीची उदाहरणं रद्द, बैलजोड्या सुरू. पठ्ठ्यानं तीन बरोबर सोडवली. चौथ्याला म्हणतो, "मास्तर, हा बैल एवढा हळू काहून पळते? बिमार हाय काय?" पाटी उचलली. खाली ठेवली. केवढा संयम! दाराआडून दिसलाच असेल.

१४ डिसेंबर
बीजगणितात अडलो. "क्ष म्हंजे कोन? दिसत नाही त्याले शोधू कायले?" मी म्हणालो, जगात तुला सगळ्यात जास्त जे हवं ते क्ष धर, मग शोध. जगदेव कानापर्यंत लाल. त्यानंतर समीकरणं भराभर सुटली. एखादी पांढरी बैलजोडी असावी. विचारलं नाही. माझा क्ष मला ठाऊक आहे.

२ जानेवारी १९३८, दुपार
चुकून जगदेवचा कप उचलला. त्याचाही चहा तितकाच गोड. कोणाला संशय नको म्हणून दोघांनाही सारखा! काय डोकं आहे!

३० जानेवारी
उकंडराव म्हणाले, "हा पास झाला का याच उन्हाळ्यात पोरीचा मांडव टाकतो. मंग तुमाले घरचा मान, मास्तर." घरचा! आईला सांगितलं. आई म्हणाली, "अरे, थे त्याच्या मामाची पोर हाय. काही समजते का तुले?" नातीगोती हा आईचा विषय, तर्क माझा. रागानं जेवलो नाही. मग जेवलो.

११ मार्च
परीक्षेसाठी जगदेवला अकोल्याच्या गाडीत बसवलं. निघताना कस्तुरानं त्याच्या हातावर दही घातलं. मीही हात पुढे केला. घातलं! थोडंसंच. पण घातलं.

४ जून
जगदेव पास! गणितात छप्पन्न! आहे का कुठल्या प्रोफेसरची छाती? उकंडरावांनी पेढा भरवून सांगितलं, बारा तारीख धरली. कोट परटाकडे टाकला.

७ जून
पत्रिका आली. आईनं वाचून दाखवली. मी हिसकावून पुन्हा वाचली. चि. जगदेव. मग चि. सौ. कां.
बैलजोडी नव्हती ती.
घरात पाटीही नाही फोडायला.

१२ जून
जाणार नव्हतो. आई म्हणाली, "कोट तं धुवून आला."
मांडवात उकंडराव सगळ्यांदेखत म्हणाले, "हे मास्तरमुळं झालं. अंतरपाट मास्तरच धरतीन." एक टोक भटजींच्या हातात, एक माझ्या. इकडे जगदेव, तिकडे त्याचा क्ष. जगदेव हळूच म्हणाला, "मास्तर, सापडला." त्याच्या पायऱ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. मधल्या गाळून थेट उत्तर लिहिणारा मी.
मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या, ताशा कडकडला. भटजी माझ्याकडे वाकले.
"मास्तर, सोडा आता."