लिकूचा रिकामा चौकोन

मी, ग्रेका पिल्लोनी, वय एकोणऐंशी, राहणार सेर्राबिनी, सार्डिनिया, विहिरीसमोरचं घर, हे सांगून लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण नोटरीसाहेब म्हणतात, गुडघ्यांचं कायद्याला काही देणंघेणं नाही. मला अक्षरओळख नाही. म्हणून मी बोलते, साहेब लिहितात, आणि बोलले तेच लिहिलं जातंय ना हे बघायला दोन साक्षीदार बसले आहेत: बाकिझियो ओर्रू, न्हावी, आणि व्हितालिया काऊ, भिंतीपलीकडची शेजारीण. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारी सगळी माणसं माझ्याआधी गेली.

एक. हे घर माझी मुलगी राइमोंदा हिला. ती तूरिनला असते, इथे येऊन राहणार नाही, हे मला कळतं. विकायचं तर खुशाल विकावं. मात्र आधी स्वयंपाकघरातली पूर्वेची खिडकी उघडावी. तिला आठ खिळे आहेत. ते मीच ठोकले, बासष्ट साली. पक्कड तिसऱ्या खणात आहे. त्या खिडकीतून व्हितालियाची भट्टी दिसते. मला ती बघायची नव्हती. का, ते चौथ्या कलमात येईल. साहेब, घाई करू नका.

दोन. तांब्याचं पातेलं, कणीक मळायची काटवट आणि माग माझी नात इलेनिया हिला. पिठाची चाळणी देवळातल्या घंटावाल्याच्या बायकोकडे आहे. एकाहत्तर साली 'उद्या देते' म्हणून नेली. तो उद्या उजाडला की चाळणीसुद्धा इलेनियाला. बाळाची दुलई आणि चार दुपटी इथे लिहायची नाहीत. ती मी गेल्या आठवड्यात तूरिनला पाठवली. त्यांचं पुढे बोलू.

तीन. विहिरीमागचं बाकल्याच्या शेंगांचं शेत. हे मला व्हितालियाला द्यायचं होतं. साहेब म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ती साक्षीदार तरी होईल, नाहीतर शेताची मालकीण." मी व्हितालियाकडे पाहिलं. ती म्हणाली, "शेत नको. मला ऐकायचंय." तेव्हा शेत राइमोंदाला, आणि त्यात बाकला सोडून काहीही पेरावं.

चार. आता ऐक बाई.

माझा मुलगा एलिझेओ, आम्ही त्याला लिकू म्हणायचो, सत्तावन्न सालच्या एप्रिलात गेला. पाच वर्षांचा होता. आमच्याकडे मोसमातला पहिला ओला बाकला ज्या घरी शिजेल, त्या घरची बाई तो आधी शेजारच्या पोरांना वाढते. त्या वर्षी तो व्हितालियाच्या चुलीवर शिजला. लिकूने दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी तांबड्या दारूसारखी झाली. डोळे पिवळे पडले. तिसऱ्या दिवशी तो गेला. गावाला हा आजार नवा नव्हता. काही घरांच्या रक्ताला बाकला सोसत नाही, असं म्हाताऱ्या म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्याकडे बघायच्या.

पाच वर्षांनी डॉक्टरीणबाई एल्विरा कास्तान्येरी बर्फाची पेटी घेऊन गावात आल्या आणि शाळेत बसल्या. सगळ्यांच्या दंडाचं रक्त काढत. मला त्यांनी समजावून सांगितलं, "रक्ताच्या प्रत्येक कणात एक कामकरी असतो. आम्ही त्याला एन्झाइम म्हणतो. कणावर चढणारा गंज तो खरवडून काढतो. बाकला खाल्ला की गंज फार चढतो. कामकरी कमी असले तर कण फुटतात."

मी म्हटलं, "कामाला दांडी मारणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, बाई, पण त्यापायी कोणी फुटलेलं बघितलं नाही."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हे आईकडून मुलाकडे जातं. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. तिच्या मुलीकडेही गुपचूप जाऊ शकतं, आणि त्या मुलीच्या मुलाला बाधतं." रक्तात त्या निळा रंग घालत. रक्त चांगलं असेल तर निळा उडून जायचा. नसेल तर तसाच राहायचा.

त्याच महिन्यात राइमोंदाचं लग्न ठरत होतं. होणारी सासू म्हणाली, आधी रक्ताची चिठ्ठी दाखवा.

आमच्यात दुखवट्यातली बाई डोळ्यांपर्यंत काळी शाल ओढून घेते, आणि दुखवटा किती वर्षांचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी मुलाच्या दुखवट्यात, व्हितालिया नवऱ्याच्या. बाहेरच्या माणसाला आम्ही दोघी म्हणजे एकाच शालीचे दोन तुकडे. मी तिला म्हटलं, माझ्या नावावर तू बस. ती तयार झाली. लिकूला घास तिने भरवला होता ना. सकाळी स्वतःच्या नावावर उजवा दंड दिला आणि दुपारी माझ्या नावावर डावा.

दोन्ही बाटल्यांतला निळा उडाला. चिठ्ठी मला वाचता येत नव्हती, म्हणून वाण्याकडून मोठ्याने वाचून घेतली. सासूबाई खूश. लग्न झालं.

मग गाव हिशेबाला बसलं. ग्रेकाचं रक्त चांगलं आहे, म्हणजे पोराला बाकल्याने मारलं नाही. मग कशाने? वाटी कोणाच्या हातची होती? व्हितालिया गावाला भाकरी भाजून द्यायची. पहिल्या महिन्यात निम्म्या बायका यायच्या थांबल्या, नाताळापर्यंत सगळ्याच. भट्टी विझली ती विझलीच. तोंड उघडलं असतं तर राइमोंदाचं लग्न मोडलं असतं. म्हणून ती गप्प बसली. मी पण बसले. ती का बसली ते मला माहीत आहे. मी का बसले तेही माहीत आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही. आधी लग्न टिकावं म्हणून. मग राइमोंदाला मुलगीच झाली, आता कशाला, म्हणून. मग जावई वारला, आता तर कशालाच नको, म्हणून. दर वर्षी एक खिळा आणखी घट्ट बसला.

डॉक्टरीणबाई त्यानंतर तीनदा आल्या. "तुमची नि व्हितालियाची बाटली जुळ्या बहिणींसारखी आहे," म्हणायच्या, "आणि तुमचा लिकू माझ्या तक्त्यात बसत नाही." तो तक्ता त्या देऊन गेल्या, माझ्या पेटीत तळाशी आहे. बायका गोल, पुरुष चौकोन, आजारी तो काळा. लिकूचा चौकोन रिकामा आहे, आत प्रश्नचिन्ह. मला वाचता येत नाही, पण रिकामं म्हणजे काय ते कळतं. तो चौकोन शाईने भरावा आणि तक्ता डॉक्टरीणबाईंना पोचवावा.

पाच. इलेनियाला मे महिन्यात मुलगा होणार आहे. माझं हे रक्त तिच्यात असेल, नसेल. तिथल्या डॉक्टरांना ती सांगते, आजीची चिठ्ठी चांगली होती. बाळाचं रक्त तपासावं. बाकला देऊ नये. औषध देण्याआधी विचारावं. आणि ज्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवल्या होत्या ते बाळाच्या अंगाला लावू नयेत. त्यानेही कण फुटतात, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं.

दुलईत मी तीस वर्षं डांबरगोळ्या ठेवल्या. पाठवली तेव्हा आठवलं नाही. आठवलं तोवर पार्सल पोचलं होतं. मला दुकानापर्यंत चालवत नाही; राइमोंदा बाकिझियोच्या दुकानात फोन करते आणि तो निरोप आणतो. ईस्टरला तो सांगत आला, "राइमोंदा म्हणते, दुलईला घराचा वास येतोय, धुणारच नाही." ती का धुवायची, हे न्हाव्याकरवी कसं सांगणार? गंमत नाही बाकिझियो, तू गालाला साबण लावता लावता अख्ख्या गावाला सांगितलं असतंस. म्हणून मी नोटरीसाहेबांना बोलावलं. कागद सांगेल, मला तोंड दाखवावं लागणार नाही.

(इथे मी, नोटरीने, सांगितलं की मृत्युपत्र मृत्यूनंतरच उघडलं जातं.)

साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "वीस दिवसांत उघडायचं असेल तर?"

व्हितालिया म्हणाली, "तर वीस दिवसांच्या आत मर. नाहीतर फोन कर. माझ्या घरी आहे."

"तुझ्या पायऱ्या मला चढवत नाहीत."

"वायर लांब आहे. खिडकीतून येईल."

"तिला खिळे आहेत."

"माहीत आहे. ठोकताना आठही ऐकले होते मी."

(बाकिझियो ओर्रू यांनी तिसऱ्या खणातून पक्कड काढून खिळे उपटले. सहा निघाले, दोन तुटले. फोन खिडकीतून आत घेतला. नंबर व्हितालिया काऊ यांनी फिरवला. मृत्युपत्रकर्ती मुलीशी बोलल्या. पुढचं कलम त्यानंतरचं.)

सहा. मी राइमोंदाला सगळं सांगितलं. दंड कोणाचा होता तेसुद्धा. ती म्हणाली, "आई, दुलई बाहेर गॅलरीत टाकते. इलेनियाला घेऊन डॉक्टरकडे जाते." आणि फोन ठेवला. पुन्हा करेल की नाही, मला ठाऊक नाही.

तरी चौथं आणि पाचवं कलम खोडू नये. व्हितालियाला ते कागदावर हवं आहे. ती म्हणते, "तोंडचं तू छत्तीस वर्षं गिळलंस. लिहिलेलं गिळता येत नाही."

पहिल्या कलमातली खिडकीची सूचना रद्द करावी. फोन व्हितालियाकडे आहे, आणि राइमोंदाने पुन्हा केला तर मला हाक ऐकू यायला हवी. म्हणून ती उघडीच राहील.

(वरील मजकूर मी मृत्युपत्रकर्तीला आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. "बोलले तेच आहे, फक्त जरा शहाण्यासारखं वाटतंय," असं त्या म्हणाल्या. अक्षरओळख नसल्याने त्यांनी सही केलेली नाही. तसं त्यांनीच सांगितलं.)

साक्षीदार: बाकिझियो ओर्रू (सही)
साक्षीदार: व्हितालिया काऊ (सही, या वेळी स्वतःच्या नावावर, असं लिहावं, ही त्यांची विनंती)
नोटरी: जाव्हिनो मेलोनी (सही, शिक्का)

सेर्राबिनी, सार्डिनिया. १४ एप्रिल १९९८.