निवडुंगाची फांदी

मुलुंड, रविवार

तीर्थरूप बाबांना,
सप्रेम जय भीम.

आपल्या डोंगराच्या तापलेल्या उतारावरून तुम्ही दिलेली निवडुंगाची फांदी जगली बरं का. शेंड्याला दोन पानं फुटलीत.

पण फोनवर मी "झकास आहे" म्हणायचे ना, ते खोटं होतं. आल्या आल्या कुंडीत लावली, रोज पाणी घातलं आणि बुडापासून सडवली. शेजारच्या अंजनाबाई ओरडल्या, "ताजी फांदी लावतात का गं? आधी चीक वाळू दे!" मग वरचा चांगला तुकडा कापून आठ दिवस खिडकीत कोरडा ठेवला आणि नंतर लावला.

नोकरीचंही तसंच. मार्चमध्ये सुटली. लगेच सांगितलं असतं तर तुम्ही धावत आला असतात, म्हणून थोडं वाळू दिलं. आता घाटकोपरला एका दवाखान्यात लागलेय. जेवतेय वेळेवर.

आईचे गुडघे कसे आहेत?

आणि बाबा, त्याच उतारावर घसरून तुमचा हात मोडला, प्लास्टरही निघालं, हे मला काल गावच्या खंडूदादाकडून कळलं. आधी चिडले, मग हसूच आलं. तुम्हीपण चीक वाळायची वाट बघत होता ना?

तुमच्यावरच गेलेली,
दर्शना