नाक्यावरच्या फलकातील 'अनोळखी' हा शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
सालईडोह वनपरिक्षेत्र, नागपूर.

अर्जदार : रुपराव गणपतराव भोयर, सेवानिवृत्त हेडक्लार्क, धरमपेठ, नागपूर.

विषय : सालईडोह नाक्यावरील फलकात जिचा उल्लेख आहे ती 'अनोळखी बाई' अर्जदाराची धर्मपत्नी असल्याचे मान्य करून फलक दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : नाकेदार श्री. बळीराम यांच्याशी झालेले तोंडी बोलणे, जे त्यांनी हसण्यावारी नेले.

महोदय,

अर्जदार हा अर्ज मान खाली घालून लिहीत आहे. मान खाली असल्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा बरे आले आहे, त्याबद्दल गैरसमज नसावा.

१. आपल्या हद्दीत, फुटाळा तलावाच्या पलीकडे, सागाच्या रोपवनातून मुरमाचा रस्ता जातो. तो लाकडाच्या ट्रकांसाठी केलेला असला तरी सायकलीसाठी इतका उत्तम रस्ता अर्जदाराच्या पाहण्यात नाही. चढ नाही, उतार नाही. मुरूम दाबून बसलेला, चाकाखाली पापड मोडल्यासारखा बारीक आवाज येतो. पडल्यास लागते, पण कोणी पाहत नाही. या शेवटच्या गुणासाठीच अर्जदाराने हा रस्ता निवडला होता. रामदासपेठेतील डॉक्टरांनी साखर निघाल्यामुळे व्यायाम सांगितला. घरात सायकल होती ती मुलगी कौशल्या हिची, लेडीज. लग्न होऊन ती सासरी गेली, सायकल ओसरीत राहिली. मध्ये दांडा नसल्यामुळे धोतराला ती सोयीची पडते. परंतु माजी हेडक्लार्काने लेडीज सायकलवरून धरमपेठेतून जाणे बरे दिसत नाही. सबब अर्जदार पहाटे सायकल हाताने ढकलत जंगलापर्यंत नेई व तेथे गेल्यावर तीवर बसे.

२. सोबत धर्मपत्नी सौ. पंचफुलाबाई थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा घेऊन येत. अर्जदाराचे पडणे त्यांनी काही दिवस बांबूच्या बेटाशी बसून शांतपणे पाहिले. मग एके दिवशी म्हणाल्या, "तुम्ही सायकल चालवून राहिले का सायकल तुम्हाले? द्या इकडं." त्यांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला व बसल्या. अर्जदाराने मागून कॅरिअर धरले. साहेब, त्या कुहीकडच्या शेतकऱ्याच्या घरच्या. धानाच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चालण्यात बालपण गेलेले, त्यामुळे तोल हा त्यांना शिकवावाच लागला नाही. थोड्याच दिवसांत अर्जदाराने एका सकाळी कॅरिअर सोडले. सोडल्याचे सांगितले नाही, पण त्यांना समजले. त्या हसू लागल्या. मोठ्याने. रस्त्यात चिटपाखरू नसताना घंटी वाजवू लागल्या. "घंटी काहून वाजवून राहिली?" असे अर्जदाराने धापा टाकत विचारले असता, "सागाले बाजूले व्हा म्हनतो," असे उत्तर मिळाले.

३. घटना अशी घडली. त्याच सकाळी, सौ. पंचफुलाबाई पुढच्या वळणावरून परत येत असताना नाकेदार बळीराम झाडीतून रस्त्यावर आले. त्यांची स्वतःची सायकल हातात होती, कारण तिची हवा गेलेली होती. समोरून त्या येत होत्या. काष्टा वर, अंबाडा सुटलेला, तोंड हसून लाल. नाकेदारांनी अर्जदाराला विचारले, "काहो बाबूजी, हे बाई कोन होय जी?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधे होते.

अर्जदाराने काय पाहिले हे येथे लिहिणे भाग आहे. अर्जदाराने नाकेदारांच्या मिशीखालचे हसू पाहिले. उद्या हा माणूस बाजारात सांगेल, परवा जुन्या ऑफिसात समजेल, भोयर हेडक्लार्काची बायको म्हातारपणी जंगलात सायकल उडवते. एवढे सर्व एका क्षणात पाहून अर्जदार म्हणाला, "कोण जाणे. मी नाही ओळखत. मी आपला फिरायला आलो आहे."

सौ. पंचफुलाबाई तोवर ब्रेक लावून शेजारी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी अर्जदाराकडे पाहिले. घंटी एकदाच वाजवली. मग थर्मास अर्जदाराच्या हाती देऊन सायकल वळवली व निघून गेल्या. त्या दिवशी प्रथमच त्या डांबरी रस्त्याने, भर धरमपेठेतून, बसून घरी गेल्या. अर्जदार पायी गेला.

४. घरी दार त्यांनीच उघडले व विचारले, "कोनाकडं आले जी?" अर्जदार हसला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचे हे जंगलात गेले, ते आलेच नाही अजून. बसा." तेव्हापासून अर्जदार बाहेरच्या खोलीत बसतो. जेवण वेळेवर मिळते, आग्रह होतो, पोळीवर तूप असते. चहा पाहुण्यांच्या निळ्या फुलांच्या कपात येतो, खाली बशी असते. अर्जदाराचा स्वतःचा कप कान तुटलेला आहे. उभ्या संसारात अर्जदाराने त्यातच चहा प्यायला व त्याबद्दल कुरकुरही केली. आता तो कप फळीवर उपडा पडलेला दिसतो. महोदय, घरात इतका मान अर्जदाराला कधीही मिळाला नव्हता, आणि तो सोसवत नाही.

५. अशातच नाक्यावर फलक लागला. मजकूर असा : "या रस्त्यावर सायकलवर एकट्याने फिरणाऱ्या अनोळखी बाईस सक्त मनाई आहे. हुकमावरून." नाकेदारांनी आपले कर्तव्य केले, त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. जंगलात एकटी बाई, तिला कोणी ओळखत नाही असे एक सभ्य गृहस्थ सांगतो, म्हटल्यावर बंदोबस्त करणे आलेच.

परंतु फलकाचे परिणाम वाढत चालले आहेत. काटक्या वेचणाऱ्या बायजाबाई यांनी त्या बाईस धुक्यातून पाय न टेकता जाताना पाहिल्याचे गावात सांगितले. आता फलकाखाली हळदकुंकू वाहिलेले असते. गेल्या मंगळवारी नारळ होता, व कोणीतरी सायकलची जुनी घंटी आणून खांबाला बांधली आहे. येणारे-जाणारे ती वाजवून पाया पडतात. अर्जदारानेही एकदा वाजवली. हे सर्व बाहेरच्या खोलीतून सौ. पंचफुलाबाईंच्या कानी घातले असता त्या एवढेच म्हणाल्या, "चला, देवीले तरी लोक ओळखून राहिले."

६. यापुढचे लिहिताना अर्जदारास विशेष लाज वाटते. नोकरीत असताना अर्जदाराकडे रोज माणसे येत. कोणाला पेन्शन हवी, कोणाला दाखला. अर्जदार त्यांच्या कागदावर "सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो" असे लिहून सही करी. त्यातील बहुतेकांचा चेहराही मान वर करून बघितलेला नसे. कोणी विचारत नसे, कामे होत असत. अशा रीतीने अर्ध्या नागपूरला ओळखणाऱ्या अर्जदाराने, जिला खरोखर ओळखतो त्या एकाच व्यक्तीबद्दल विचारले असता, नाही म्हटले. तिचे मोठ्याने हसणे अर्जदाराने लग्नानंतर फारसे ऐकले नव्हते. ऐकले त्या दिवशी त्याचीच लाज वाटली. आता कशाची वाटते हे सांगण्यास अर्जाच्या भाषेत शब्द नाही.

७. नाकेदारांकडे जाऊन अर्जदाराने खरे सांगितले. ते म्हणाले, "तुम्हीच त म्हनलं ना, मी नाई ओळखत म्हनून? आता साहेबाले मी काय सांगू? बाईलेच घेऊन या, ते म्हनन त मानतो." लग्नातला फोटो दाखवला. त्यावर, "याच्यात त बाई सायकलवर नाई," असा शेरा त्यांनी मारला. घरी येऊन सौ. पंचफुलाबाईंना चलण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "अनोळखी मानसासंगं मी जंगलात कशी येऊ जी? सरकारनं बोलावलं त येईन." अशा प्रकारे नाकेदार बाईशिवाय ऐकत नाहीत, बाई सरकारशिवाय येत नाहीत, आणि सरकार म्हणजे आपण.

तरी प्रार्थना अशी की, सौ. पंचफुलाबाई भोयर यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने बोलावण्यात यावे. पत्रावर 'द्वारा रुपराव' असे कृपया लिहू नये. त्या येतील त्या सकाळी अर्जदाराला त्याच वळणावर, त्याच जागी उभे करावे. नाकेदार बळीराम यांनी झाडीतून यावे व तोच प्रश्न पुन्हा विचारावा. मिशीखाली हसायचे असल्यास अवश्य हसावे. जुन्या ऑफिसातील कोणास बोलवायचे असल्यास अर्जदाराची हरकत नाही. उत्तर अर्जदार देईल. त्यानंतर 'अनोळखी' हा शब्द खोडावा व त्यांना रस्ता मोकळा करावा. फलक काढणे शक्य नसल्यास त्यावर बाईच्या जागी अर्जदाराचे नाव घालावे. रंगाचा डबा अर्जदार घेऊन येईल.

हा अर्ज सौ. पंचफुलाबाईंना दाराबाहेरून वाचून दाखवला आहे. त्यांनी एकच विचारले, "उत्तर मोठ्यानं द्यान का?" अर्जदाराने मान हलवली. "मान नोका हलवू," असे आतून आले. तेव्हा अर्जदार "हो" म्हणाला, ते शेजारच्यांनीही ऐकले.

आपल्या निर्णयाकडे व आतल्या दाराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
रुपराव गणपतराव भोयर
धरमपेठ, नागपूर
ता. ११ फेब्रुवारी १९७४

सोबत : लग्नातील फोटो (परत मिळावा).

ता. क. : सही करीत असतानाच चहा आला. तो कान तुटलेल्या कपात आहे. बशी मात्र अद्याप पाहुण्यांचीच आहे. सबब अर्जाचा विचार तातडीने व्हावा.