तुमच्या लेफ्ट आउटबद्दल

बाबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्या त्या लेफ्ट आउटवर, फुटबॉलमध्ये डावीकडून खेळणाऱ्या तुमच्या दोस्तावर, जळतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे शोभत नाही. त्यातून ज्याची हाडं ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा नदीकाठी मुरली, त्याच्यावर जळणं तर मुळीच नाही. पण मेलेल्या माणसाशी चढाओढ करून पाहा एकदा. तो म्हातारा होत नाही, उलटून बोलत नाही, गणितात काठावर पास होत नाही. म्हातारं होणं सोडून मी हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर करत होतो.

समुद्रपूरच्या शाळेमागचं पटांगण. मी दहाएक वर्षांचा, तुम्ही शाळेतले पीटीचे मास्तर. लढाईत गोळी लागलेला गुडघा सावरत तुम्ही बॉल घेऊन येता. मी अगदी समोर उभा, आणि तुम्ही पास देता डावीकडे, जिथे कुत्रंसुद्धा नाही. मी शेजारच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात शिरून, बोंडांचे ओरखडे घेत बॉल शोधून आणतो. "बाबा, मी इकडं हावो ना!" त्यावर तुम्ही, "मंग तिकडं काऊन नाई गेला? तो राह्यला असता तिथं." तो म्हणजे कोण, हे विचारावं लागत नसे. आपल्या घरात 'तो' एकच होता.

बांगलादेशची लढाई रेडिओवर चालू होती तेव्हा ओसरीवर लोक जमायचे. "मास्तर, तुमच्या लढाईचं सांगा ना." अख्खं महायुद्ध तुम्ही दोन वाक्यांत उरकायचात, "खंदक खोदले. पाऊस लय होता." आणि तुम्ही दोघं फौजेत भरती व्हायच्या आधीची वर्ध्यातली मॅच मात्र तासभर. समोर बूट घातलेली गोऱ्यांची टीम, तुम्ही सगळे अनवाणी. त्यानं डावीकडून तिघांना चकवून बॉल आणला, स्वतः मारू शकत होता, तरी तुमच्या पायाशी आणून दिला. "मी नुसता पाय लावला. गोल त्याचा. पेपरवाल्यानं माहं नाव छापलं, गाढव कुठला!" माझ्याबद्दल असं एखादं वाक्य तुम्ही कुणाला ऐकवल्याचं मला आठवत नाही. वक्तृत्वाचा कप घेऊन आलो तेव्हा तो हातात फिरवून म्हणालात, "बरा हाय. पाणी प्याले होईल."

भाऊबीजेला एसटी बदलत बदलत आपण तळेगावला त्याच्या बहिणीकडे जायचो. त्याच्या जागी ओवाळून घ्यायला तुम्ही. पण ती, माझी मानलेली आत्या, दोन पाट मांडायची. एकावर तुम्ही, दुसरा रिकामा, त्यालाही रांगोळी. त्याचा देह कधी आलाच नाही, नुसती तार आली होती. एकदा मी जाऊन त्या पाटावर बसलो. तुम्ही दंडाला धरून उठवलंत. "तो तुहा नाई."

"बसू द्या ना भाऊ, लेकरू हाय," आत्या म्हणाली. तुम्ही ऐकलं नाहीत.

मग तुम्ही गेलात. सहा-सात वर्षांनी मी वर्ध्याच्या एका साप्ताहिकात जिल्ह्यातल्या थोरामोठ्यांची टिंगल करणारं सदर लिहायला लागलो. संपादकांनी जुन्या खेळाडूंवर अंक काढला आणि म्हणाले, वडिलांवर लिहा. लिहिलं. डावीकडून बॉल कुणी आणला? तुम्ही. तिघांना कुणी चकवलं? तुम्ही. जन्मात एकदा मी कुणाची टिंगल केली नाही, तर लोकांनी घरी येऊन शाबासकी दिली.

त्या भाऊबीजेला तळेगावला गेलो, तर अंक आत्याकडे माझ्याआधी पोचलेला. "नातीले तीनदा वाचाले लावलं," ती म्हणाली. "माहा भाऊ नाई सापडला त्यात."

मी तोंडातला घास न गिळताच म्हणालो, "लिहिलं होतं आत्या. जागा पुरली नाही, छापखान्यात कापलं."

"मुडदा बसवला त्या छापखान्यावाल्याचा!" म्हणत तिनं माझ्या ताटात आणखी एक करंजी टाकली. "पुढच्या खेपेले लिहिजो मंग. त्याचं नाव कुठीच छापलं नाई रे."

ती आणखी चार वर्षं जगली. दर भाऊबीजेला विचारायची, आणि दर भाऊबीजेला आम्ही दोघं मिळून छापखान्याला शिव्या द्यायचो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? सदर अजून चालू आहे, त्यात छापता येईल. छापणार नाही. छापलं की लोकही तुमच्यासारखं त्याचंच कौतुक करतील. छापखान्यानं काही कापलं नव्हतं, बाबा. मी त्याच्याबद्दल लिहिलंच नव्हतं. आणि तो गोल एकट्या तुमच्या नावावर लावताना मला फार बरं वाटलं होतं.