उम्म नखलेच्या स्वयंपाकघरातली फरशी

बैत सहूर, बेथलेहेमजवळ,
ईस्टरआधीच्या थोरल्या उपवासाचा दुसरा सोमवार

प्रिय नखले,

देवाची शांती तुझ्यावर, मार्सेलावर आणि पोरींवर असो. इकडे सगळं ठीक. लिंबाला यंदा चांगली लिंबं धरली आहेत. अबू शुक्रीच्या मेंढ्यांनी माझा पुदिन्याचा वाफा परत साफ केला. भांडले, तर म्हणतो, "उपवास आहे ना, त्याही पालाच खातायत."

इतक्या काळाने तुझा निरोप आला, तोही टीव्हीवर आपल्या घरावरच्या कार्यक्रमाची जाहिरात पाहून. असो, आला हेच पुष्कळ. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून पत्र लिहितेय. शेजारची जमीला तुझ्या सान्तियागोला, मुलीकडे निघाली आहे, तिच्या हाती देते. तू तीन गोष्टी विचारल्यास. ते घर आपलंच का? लोकांना फसवायच्या धंद्यात मीही उतरले का? आणि आई कशी आहे? पहिल्या दोनांची उत्तरं आधी देते.

हो, घर आपलंच. पावसाळ्यात टाकीचं पाणी झिरपलं आणि स्वयंपाकघरातली जमीन तेलाच्या रांजणांसकट खचली. गवंड्याने दोन घमेली माती काढली आणि कुदळ ठेवून मला हाक मारली. खाली रंगीत खडे होते. पुरातत्त्वाच्या ऑफिसातून डॉक्टर लमीस आल्या. हेब्रॉनच्या आहेत, मुसलमान, जिभेला धार आहे. गुडघ्यावर बसून त्यांनी ओला स्पंज फिरवला आणि मातीतून एक द्राक्षाचा वेल वर आला. मग मोर. मग लाल काठ. नखले, जिथे आई जन्मभर देवळाच्या भाकरीचं पीठ मळत उभी राहिली, बरोबर तिच्या पायांखाली. लमीस म्हणाल्या, "जुनं ख्रिस्ती देऊळ आहे, सहाव्या शतकातलं. तुमची चूल वेदीच्या समोरच आहे." मी चूल विझवली. का ते विचारू नकोस, पेटती ठेवायची लाज वाटली.

मग टीव्हीवाले आले. त्यांचा निवेदक, गॅरेट नाव, तसा गोड माणूस. आईने दिलेलं सगळं खाल्लं त्याने. पण त्याला नुसतं देऊळ नको होतं. बाळ येशूला बघायला जे मेंढपाळ धावत गेले, त्यांच्यातल्या एकाचं हे घर, असं त्याला हवं होतं. अबू शुक्रीच्या मेंढ्या दारात उभ्या करून झाल्या. आता मी एवढंच म्हणायचं होतं, "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आलेत."

सलीममामा माझ्या मागेच लागला. "तुझं काय जातंय? एक वाक्य. गल्लीत बसेस उभ्या राहतील."

खोटं कशाला बोलू, मोह झालाच मला. म्हटलं, अशाच एका कार्यक्रमाने माझ्या भावाला देवळाबाहेर काढलं, दुसऱ्याने आत आणलं तर काय बिघडलं? तुला तो फोन आठवत असेल. कुठल्याशा पेटीत येशूची हाडं सापडली, सगळं खोटं होतं, देवळाला कुलूप लाव, असं तू आईला म्हणालास. आई म्हणाली, "हाडं कुणाची ते राहू दे, तू जेवलास का?" आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तिचा आवाज तू ऐकलेला नाहीस.

कॅमेरा लावला होता. मी केस बांधून तयार. लमीस काठाची शेवटची ओळ धूत होत्या. देणगी देणाऱ्यांची नावं तिथेच असतात म्हणे. गॅरेट वाकून उभा, मामा वाकून उभा. लमीस ग्रीक अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागल्या आणि थांबल्या. परत पहिल्यापासून वाचलं. मग आपल्या भाषेत आणि गॅरेटसाठी इंग्रजीत म्हणाल्या, "ज्यांची नावं प्रभूला ठाऊक आहेत, त्यांनी ही फरशी वाहिली."

गॅरेट म्हणाला, "हो, पण कुणी?"

"तेच तर लिहिलंय," लमीस म्हणाल्या. "नावं लिहिलीच नाहीत."

एवढे खडे एकेक करून बसवले, गुडघे झिजवले, आणि स्वतःचं नाव टाकायला जागा असून टाकलं नाही. प्रभूवर कुणी एवढा भरवसा ठेवलेला मी आजवर पाहिला नव्हता. आणि त्यांच्याच डोक्यावर उभी राहून मी खोटं सांगणार होते. मी लमीसना विचारलं, "मग येशू खरंच होते, हे यावरून सिद्ध होतं का?" त्या म्हणाल्या, "मी फरशी वाचते बाई, देव नाही. पण ही माणसं होती. आणि त्यांचा विश्वास होता."

कॅमेऱ्यासमोर मी म्हटलं, "आमच्या घरात असं कधी कुणी सांगितलेलं नाही." ते त्यांनी कापलं. जाहिरातीत मेंढ्या तेवढ्या राहिल्या.

आता आई.

तब्येत चांगली आहे. खाते, झोपते, पीठ अजून माझ्यापेक्षा चांगलं मळते. गॅरेटने पडद्यावर टाकायला तिचं नाव विचारलं. म्हणाली, "उम्म नखले." आख्खं गाव तिला याच नावाने हाक मारतं, नखलेची आई. तुझ्या आधी मी जन्मले, पण आईला नाव तुझं मिळालं. त्यावरून मी तुला किती छळलंय. गॅरेटने कौतुकाने विचारलं, "नखले कुठे असतो?" ती माझ्याकडे बघत राहिली. परीक्षेत उत्तर विचारतात ना, तशी.

रविवारी ती देवळात भाकरी घेऊन गेली. फादर बुत्रुसनी नेहमीसारखं विचारलं, "उम्म नखले, जिवंत माणसांत कुणासाठी प्रार्थना करू?" दर रविवारी पहिलं नाव तुझं असतं, त्या फोननंतरसुद्धा. ती उभीच राहिली. मागे रांग थांबलेली. मी हळूच म्हटलं, "नखले."

आई वळली. "काय गं? मला हाक मारलीस?"

तिने भाकरी पुढे केली आणि फादरना म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरात लिहिलंय ना, तेच म्हणा." आणि नखले, फादरनी तेच म्हटलं. ज्यांची नावं प्रभूला ठाऊक आहेत त्यांच्यासाठी. मी देवळाच्या मधोमध रडले, पण त्यात दुःखच होतं असं नाही. काय होतं ते तू आलास की सांगेन.

कशावरही विश्वास ठेवू नकोस हवं तर. हाडं, फरशी, काहीच नको. पण ईस्टरला ये. ती तुला ओळखेल असं मी सांगत नाही. पण दारात कुणीही आलं तरी ती अजून पहिलं तेच विचारते, जेवलास का. या वेळी उत्तर दे.

तुझं नाव लावणाऱ्या बाईची मुलगी,
सलवा