उताराची तब्येत

प्रिय बाबा,

डॉक्टरकीचा प्रवेश सोडून मी मृदा आणि जलसंधारण शिकायला गेले, तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "डॉक्टरची पोर शेवटी माती खायला निघाली." मग माझ्याशी अबोला धरलात.

पुढे मी संशोधन केंद्रात नोकरीला लागले आणि एका पावसाळ्यात तुम्ही न कळवता तिथे येऊन थडकलात. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखल तुडवत टेकडी चढलात. मी तुम्हाला दोन पिंपं दाखवली. एकात उघड्या उतारावरून वाहून आलेलं पाणी होतं, लालभडक. दुसऱ्यात गवत लावलेल्या उतारावरचं, नितळ. तुम्ही लाल पाण्यात हात घातलात आणि बोटांवरचा गाळ बराच वेळ बघत राहिलात.

"हा तर रक्तस्राव आहे गं. थांबतो का?"

"थांबतो, बाबा. पण गवत मूळ धरेपर्यंत धीर धरावा लागतो."

"मग आपलं दोघांचं काम एकच की!"

त्यानंतर मोठा पाऊस झाला की तुमचा फोन ठरलेला. माझी चौकशी नंतर, आधी उताराची तब्येत. आई म्हणायची, बापलेकीला वेड लागलंय.

तुम्ही गेल्यानंतर काल पहिल्यांदाच धो धो पाऊस झाला. मी भिजत टेकडीवर गेले, सगळं नीट पाहून आले. केंद्रातली मैत्रीण रागावली, "एवढ्या पावसात कशाला गेलीस? उद्या बघितलं असतं."

"बाबा विचारतील ना," मी म्हणून गेले.

तुमची,
धाकटी