वाकडं अक्षर

सोमवार, ४ तारीख

आधी आली ती शिवणवाली, खालच्या मजल्यावरची. कात्री मागायला म्हणे — जिच्या घरी चार कात्र्या, ती माझ्याकडे कात्री मागायला! फाटकापाशी दोन अनोळखी माणसं बघितली असणार, मग कुठला तिचा पाय घरात ठरतोय. तिला बसवते न बसवते तोच बेल वाजली. जाड चष्म्याच्या एक मॅडम आणि त्यांच्यामागे काखेत टॅब धरलेले एक किडकिडीत सर. "शिक्षिका व्हायला अर्ज केलाय ती मुलगी इथेच राहते ना? निवड समितीकडून आलोय. घरी येऊन बघायचं असतं आम्हाला."

आमची छकुली बाहेर गेलेली. (बावीस वर्षांची झाली, पण माझ्यासाठी छकुलीच.) सून औषधांच्या दुकानात कामावर. घरात मी एकटी, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. शाळेतलं माणूस माझ्या दारात यायला जन्म गेला. ठेवणीतले कप काढून चहा केला. शिवणवालीलाही दिला, नाहीतरी ती हलणार नव्हतीच.

मॅडम म्हणाल्या, "आजी, नात तुम्हाला लिहायला शिकवते ना? बघितले आम्ही सगळे व्हिडिओ. बाराच्या बारा."

तीन महिने चाललंय ते. मी टेबलाशी बसायचं, ती पुस्तकांच्या चळतीवर फोन उभा करणार, आणि मी अक्षर काढायचं. "आजी, जरा वाकडं काढ. हात थरथरव थोडा." मला वाटायचं, नाटकात असतं तसलं काहीतरी. मीही हौशी. एकदा तर जीभ बाहेर काढून लिहिलं, ती हसून हसून लोळली.

तर मी म्हटलं, "अहो, ती कसली शिकवतेय मला, मी तिसरी पास आहे." नुसतं म्हटलं नाही, पेटीतला दाखलाच आणून दिला हातात. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण मास्तरांची सही शाबूत आहे. आणि कडेला त्यांनी आपल्या हातानं लिहिलेलं — अक्षर सुंदर आहे. मॅडमनी तो दोन्ही हातांत धरला. सर टॅबवर काहीतरी लिहीत होते, ते थांबले.

मग सरांनी टॅबवर छकुलीच्या व्हिडिओंचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "हे काय लिहिलंय, बघा बरं." आता मला असं कुणी म्हटलं की झालंच. शिवणवालीला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, घडाघडा वाचलं — "कधीही शाळेची पायरी न चढलेली माझी आजी. तिला एक अक्षर येत नव्हतं. आज ती फक्त स्वतःचं नाव लिहू शकते, आणि ते मी शिकवलं."

वाचून झाल्यावर कळलं, काय वाचलं ते.

शिवणवालीनं कप खाली ठेवला. मॅडम दाखल्याची घडी जुन्या खुणांवरच घालत होत्या, जपून. "पुन्हा यावं लागेल आम्हाला. फोन करून कळवू," म्हणाल्या.

कात्री न घेताच गेली शिवणवाली.

मंगळवार, ५

काल काही लिहायचं राहिलं ते आज. छकुलीला जिन्यातच सगळं कळलं होतं, शिवणवालीच्या कृपेनं. दारातूनच सुरू झाली. "तुला कुणी सांगितलं होतं पेटी उघडायला?"

मी म्हटलं, "तू लिहिलंस काय माझ्याबद्दल?"

"ते तसं लिहायचं असतं, आजी."

मग तिनं तो अर्जच काढून माझ्यापुढे टाकला. पहिला भाग — शिक्षण कुठं झालं, किती, कुठल्या वर्षी. दुसरा भाग — तंत्रज्ञान किती सहज हाताळता, पुराव्यासह. "पहिल्या भागात माझ्याकडे काय आहे, सांग ना. बारावी दुसऱ्या खेपेला. पदवी घरबसल्या. आणि मधली दोन वर्षं कोरी."

कोरी कशी? ती दोन वर्षं तिनं तिच्या बापाचं अंथरूण बदललं, त्याला भरवलं, शेवटपर्यंत. माझा मुलगा होता तो. अर्जात त्याला रकाना नाही.

"बाकीच्या मुली मोठमोठ्या कॉलेजांतून आल्यात. जागा एकच आहे. माझ्याकडे हा दुसरा भागच काय तो होता. व्हिडिओ मला येतात. तेवढंच येतं. त्यावर तू बोळा फिरवलास."

सून पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तुम्हाला गप्प बसताच येत नाही का हो?"

नाही येत. खरंच नाही येत.

बुधवार, ६

कुणी बोललं नाही माझ्याशी. ताट मात्र वाढून ठेवलं होतं, झाकून.

गुरुवार, ७

ही वही छकुलीची गणिताची. पहिली अकरा पानं तिची आणि तिच्या सरांची — फुल्याच फुल्या, लाल. बाकीची कोरी होती, रद्दीत चाललेली. मी उचलली. दुपारी खिडकीशी बसून आजी काय खरडते, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

वीस वर्षं हिच्यासमोर वर्तमानपत्र वाचतेय. मनात वाचायची सवय नाही, मोठ्यानं वाचते, सगळे वैतागतात. हिनं तर कितीदा कानांवर उशी घेतलीय. तीच लिहिते, एक अक्षर येत नव्हतं.

तिसरीनंतर धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मी घरी राहिले. मास्तर दोनदा आले होते विचारायला. वडील ओट्यावर बसून नुसती मान हलवत होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा दाखलाच घेऊन आले. मी भावाला कडेवर घेऊन उभी होते. ते माझ्याकडे न बघता गेले.

आणखी एक. मला खरोखर जे येत नाही ते म्हणजे फोनवर लिहायला. लेक लांब राहते, तिला दोन ओळी पाठवाव्यात असं फार वाटतं. छकुलीला वर्षभर म्हणतेय. "नंतर, आजी." येत नाही ते शिकवायला सवड नाही, आणि येतं ते बारा वेळा शिकवलं.

आज धीर करून बोललेच. म्हटलं, "मला फोन शिकव आणि त्याचा व्हिडिओ पाठव त्यांना. त्यात काही लपवायला नको."

"फोन काय, सगळेच शिकवतात आजीला. ते कोण बघतंय?"

शनिवार, ९

मायलेकींचं ठरलंय. मला आज जेवणानंतर सांगितलं, दोघी समोर बसून.

मी म्हणायचं, दाखला माझ्या बहिणीचा. बहीण कधीच गेली, आणि शाळेत तर एक दिवस नव्हती गेली बिचारी. "पण नाव?" म्हटलं. छकुली म्हणाली, "माहेरचं नाव आहे त्यावर. त्या नावानं तुला आता कोण ओळखतं?" कुणी नाही, खरंय. हाक मारणारे सगळे गेले.

"आणि वाचलंस ते, तर म्हण नातीनं पाठ करून घेतलं होतं. तुला नावापुरतंच येतं. बस."

सून भिंतीकडे बघत म्हणाली, "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आई."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

रविवार, १०

"त्यांच्यासमोर लिहायला लावतील," म्हणून सराव. व्हिडिओत वाकडं काढायचे तेव्हा गंमत होती, हात आपोआप वळायचा. आज वळेना. माझ्या नावातला ग सरळच येतो. दहा वेळा काढला, दहा वेळा मास्तरांचा.

मग छकुली माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझा हात हातात घेतला. "गाठ मोठी कर. आता दांडा तिरका. घाई नको. अस्सं. पुन्हा एकदा." चाळीसेक वेळा तरी झालं असेल. एकदाही आवाज चढवला नाही. माझा खांदा दुखतोय हे तिला न सांगता कळलं, उशी आणून पाठीशी लावली.

चांगली शिकवते. हे कुणाला सांगायची सोय नाही, पण फार चांगली शिकवते पोरगी. एकेचाळिसावा ग मी तिच्या हाताशिवाय वाकडा काढला. ती म्हणाली, "शाब्बास, आजी."

सोमवार, ११

मॅडमचा फोन आला. छकुलीनं तो माझ्या कानाला धरला आणि समोर उभी राहिली.

"आजी, तो दाखला तुमचाच ना?"

छकुलीचे डोळे तंतोतंत बापासारखे आहेत.

म्हटलं, "बहिणीचा. मी कुठली जातेय शाळेत."

"आणि वाचलंत ते?"

"पाठ होतं."

मग म्हणाल्या, "बरं, आजी. गुरुवारी येतो, सकाळी अकराला."

छकुलीनं मला घट्ट मिठी मारली. मी कॅलेंडरशी गेले, गुरुवारभोवती गोल केला. खाली 'मॅडम येणार' लिहायला पेन टेकवलं आणि उचलून घेतलं. नावापुरतंच येतं मला. ही वही आता पेटीत जाईल, तळाशी, दाखल्याबरोबर.

गुरुवारी, अकराला.